बुधवारी आलेली संक्रांत

दुबईतलं मराठी मंडळ सगळे सण शुक्रवारी साजरे करायचं. दसरा असो, कोजागरी असो, पंचांगात कुठल्याही वारी पडो, मंडळाकडे यायचा तो शुक्रवारीच. कारण सुट्टी शुक्रवारी, आणि इतक्या वर्षांत देवांनाही ते अंगवळणी पडलं होतं. पण २००९च्या जानेवारीत करामातल्या उडप्याच्या हॉटेलवरचा हॉल शुक्रवारी कुणाच्यातरी साखरपुड्याला गेला. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ यांनी बरीच फोनाफोनी केली आणि शेवटी नाइलाजानं जाहीर केलं, की यंदा संक्रांत संक्रांतीच्याच दिवशी होईल. चौदा तारीख, बुधवार, संध्याकाळी.

वेदांगचं सगळं इथून बिघडलं.

वेदांग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. जन्म पुण्याचा, बाकी सगळं करामाचं. स्वभाव असा, की गंभीर काही समोर आलं की त्याला विनोद सुचायचा, आणि सगळे हसत असले की तो उठून येरझाऱ्या घालायचा. हल्ली येरझाऱ्याच जास्त व्हायच्या. त्याचे वडील राजन एका बांधकाम कंपनीत होते. बाजार कोसळल्यापासून अर्धे टॉवर जिथल्या तिथे थांबले होते आणि क्रेन हात वर करून उभ्या होत्या, कुणीतरी स्टॅच्यू म्हणून पळून गेल्यासारख्या. कंपनीत दर गुरुवारी एखादं टेबल रिकामं व्हायचं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर, कॉलेज, फ्रिज, सगळं महिन्याभरात खलास. म्हणून घरात नियम होता: कशावर सही करायची नाही, कुठे नाव येऊ द्यायचं नाही, आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभं राहायचं.

डिसेंबर संपता संपता गाझावर बॉम्ब पडायला लागले. सरकारनं थर्टी फर्स्टच्या पार्ट्या रद्द केल्या. राजननी ती बातमी वाचून समाधानानं मान हलवली. कंपनीत बोनस नव्हता, म्हणून पार्टी तशीही नव्हतीच. आता निदान कारण तरी चांगलं मिळालं होतं.

वेदांगच्या वर्गात रनीम होती. तिचा जन्म शारजातला, रोल्लाच्या मागच्या गल्लीतला; गाझा तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. पण तिची आजी तिथे होती, आणि आजीचा फोन लागत नव्हता. रनीम दिवसभर फोन लावायची. लेक्चरमध्ये बाकाखाली, कँटीनच्या रांगेत, बसमध्ये. लागला तर मिनिटभर लागायचा. वेदांग तिच्या शेजारी बसायचा आणि त्याला एकही विनोद सुचायचा नाही. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, आणि त्यामुळे तो फार अस्वस्थ होता.

मग रनीमनं फेसबुकवर ग्रुप काढला. मोर्चा काढायची सोय नव्हती. त्याला परवानगी लागते, आणि ती मागायला गेलं की आधी मागणाऱ्याचीच चौकशी होते. डीननी सांगितलं होतं, फलक नको, घोषणा नको, कपडे कुठल्या रंगाचे घालता हा ज्याचा त्याचा प्रश्न. म्हणून ठरलं, चौदा तारखेला सगळ्यांनी काळं घालायचं आणि आपापले फोटो ग्रुपवर टाकायचे. चौदा का, तर त्या दिवशी शेवटचा पेपर होता.

बुधवारी पेपर सुटल्यावर कँटीनसमोर काळ्या कपड्यांतली पोरं जमली. लेबनॉनची, सीरियाची, सुदानची, दोन पाकिस्तानी, एक फिलिपिनो. भारतीय तीन; त्यातल्या एकाचे बाकीचे कपडे धुवायला टाकले होते. रनीमनं वेदांगकडे बघून विचारलं, तुझे लोक कुठे आहेत.

तिनं टोमणा मारला नव्हता, नुसतं विचारलं होतं. त्यामुळेच ते लागलं.

"माझे लोक संध्याकाळी," वेदांग म्हणाला. "करामात. चाळीस-पन्नास तरी असतील. सगळे काळ्यात."

रनीम त्याच्याकडे बघत राहिली. तसं त्याच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं, आईनंसुद्धा नाही, आणि आई तर तो बारावी पास झाल्यावर रडली होती. 'संक्रांत' हा शब्द त्याच्या घशापर्यंत आला. तिथे जरा थांबला. मग परत गेला.

यात खोटं काहीच नव्हतं. एरवी ज्या काळ्या रंगाला मराठी घरात सणासुदीला कुणी दारात उभं करत नाही, त्याला त्या एका दिवशी मानानं अंगावर घेतात. वेदांगनं फक्त कारण सांगितलं नव्हतं. रनीमनंही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी हॉलमधल्या ट्यूबलाइटी फडफडत होत्या. राजाभाऊंनी हुकूम सोडला, की फोटो बाहेर काढू, फुटपाथवरच्या पायऱ्यांवर उजेड चांगला आहे. बेचाळीस बायका काळ्या साड्या नेसून पायऱ्यांवर बसल्या. राजाभाऊंनी बजावलं, की मागच्या वर्षी हसण्याच्या नादात सगळ्यांचे डोळे मिटले होते, तर यंदा कुणी हसायचं नाही. तिळगूळ अजून वाटायचा होता, त्यामुळे हसायला तसं कारणही नव्हतं. मधोमध दर्शनाला बसवलं. दर्शना अजमानच्या विघ्नेशची नवी बायको, चिपळूणहून आलेली, लग्नानंतरची पहिली संक्रांत. म्हणून ती नखशिखान्त हलव्याच्या दागिन्यांत होती: पांढराशुभ्र साखरेचा हार, बांगड्या, बिंदी, बाजूबंद. दागिने दादरहून विमानानं मांडीवर ठेवून आणले होते. मान वळवली तर मणी तुटतील, या भीतीनं ती कॅमेऱ्याकडे एकटक बघत होती.

फोटो वेदांगनंच काढला. मंडळाचं कॉम्प्युटरचं काम त्याच्याकडे असायचं. घरी येऊन त्यानं तो मंडळाच्या पानावर टाकला, मग खोलीत येरझाऱ्या घातल्या, मग रनीमच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं: 'करामा, १४ जानेवारी'. याहून खरं वाक्य कुणाला लिहिता आलं नसतं.

सकाळपर्यंत दर्शना जगभर पसरली होती.

लोकांनी तिचा चेहरा कापून आपला प्रोफाइल फोटो केला. टोरोंटोच्या एका मुलीनं लिहिलं, की हे पांढरे मणी म्हणजे न ढाळलेले अश्रू. कराचीच्या एकानं सांगितलं, की एकेक मणी म्हणजे एकेक मूल, आणि त्यानं ते मोजलेही होते. लीड्सच्या एका प्राध्यापकानं भारतीय स्त्रियांच्या मूक धरण्याच्या परंपरेवर चार परिच्छेद लिहिले. वेदांगनं ते वाचले आणि क्षणभर त्यालाही वाटलं, की अशी परंपरा असेल. दुसऱ्या बाजूचे लोकही आले. ते म्हणाले, या भाड्यानं आणलेल्या नट्या आहेत. मधली तर ओळखीची वाटते. मग दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या आया काढल्या, आणि या सगळ्यात दर्शना मान न वळवता समोर बघत होती.

आणि मग गाझाच्या सीमेपलीकडच्या अश्दोदहून एक माणूस आला. नाव एझ्रा नागावकर.

त्यानं इंग्रजीत लिहिलं, की हे धरणं वगैरे काही नाही. ही संक्रांत आहे. त्या मुलीच्या अंगावर हलवा आहे, साखरेचा, खातात तो. आम्ही मराठी ज्यू, माझी आई अलिबागजवळच्या नागावची. तिनं फोटो बघितल्याबरोबर विचारलं, की यांच्याकडे तिळगूळ कोण करतं.

वेदांग खुर्चीतून उठला, स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला, परत आला. तोवर एझ्रावर दोनशे माणसं तुटून पडली होती. सगळ्यात वर रनीमचं उत्तर होतं. तिनं लिहिलं होतं: 'जमीन घेतली. आमच्या चण्यांचं हमस घेतलं. आता आमच्यासाठी कुणी काळं नेसलं, तर तेही तुमच्या आईच्या गावचं निघालं. खोटं बोलायलाही काही मर्यादा असते.'

थोड्या वेळानं वेदांगला एझ्राचा खाजगी निरोप आला. मराठीत, इंग्रजी अक्षरांत. 'भाऊ, नावावरून तू आपल्याकडचा दिसतो. मी चुकलो का? आई विचारते. थांब, सायरन वाजतो, खाली जातो.'

वेदांगनं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग कॉम्प्युटरच बंद केला. पाच मिनिटांनी पुन्हा चालू केला.

रनीमला त्याच दिवशी फोन लागला. तिनं आजीला सगळं सांगितलं: दुबईत भारतीय बायका रस्त्यावर पायऱ्यांवर बसल्या, तुझ्यासाठी, काळ्यात, मधे एक नवी नवरी होती, पांढऱ्या दागिन्यांत. आजीनं नवरीचं नाव विचारलं, कारण तिला दुआमध्ये नाव घ्यायचं होतं. हे सगळं रनीमनं लगेच वेदांगला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मला त्यांना भेटायचं आहे. वेदांग म्हणाला, बघू, इन्शाल्ला. हा शब्द त्याला फार आवडायचा. त्याचा अर्थ हो, नाही, काहीही होऊ शकत होता.

गुरुवारी संध्याकाळी राजाभाऊ घरी आले. बूट न काढताच सोफ्यावर बसले, यावरून विभावरीनं, म्हणजे वेदांगच्या आईनं, ओळखलं की प्रकरण मोठं आहे. चहा नको म्हणाले, त्यावरून राजननीही ओळखलं.

राजाभाऊंचं म्हणणं असं होतं, की भूमिकेबद्दल कुणाचं काही नाही. सरकारचीही तीच भूमिका आहे. पण भूमिका बरोबर असली तरी जमाव चुकीचा असू शकतो. बेचाळीस बायका, फुटपाथ, काळे कपडे, परवानगी नाही. उद्या कुणी विचारलं, की अध्यक्ष कोण, तर काय म्हणायचं, तिळगूळ घ्या? दर्शनाची सासू चिपळूणहून फोन करून विचारतेय, की सून पहिल्याच संक्रांतीला कुठल्या पक्षात गेली. फोटो आजच्या आज काढून टाकायचा, आणि उद्या दुपारपर्यंत लिहायचं, की हा सण होता.

"काढला तरी उपयोग नाही काका," वेदांग म्हणाला. "आता तो सगळ्यांकडे आहे."

"मग लिही. सण होता एवढंच लिही. दोन शब्द."

राजन फक्त टीव्हीचा रिमोट उचलून त्याची सेलं काढत होते आणि परत घालत होते. राजाभाऊ गेल्यावर म्हणाले, "आज आमच्या शेजारच्या टेबलाचा विजयकुमार गेला. तो तर फोटोतसुद्धा नव्हता कुठे." मग आत गेले.

दोन शब्द लिहायला वेदांगची हरकत नव्हती. पण ते रनीमनं ग्रुपवर वाचायचे? इतक्या लोकांबरोबर, अनोळखी माणसासारखे? आधी तिला तोंडानं सांगायला हवं होतं, आणि त्याचं तोंड असं होतं की त्यातून गेल्या पाच वर्षांत एक सरळ वाक्य बाहेर पडलेलं नव्हतं. त्यानं फोन केला. ती म्हणाली, बरं झालं केलास, मी उद्या चार वाजता करामाला येतेय. त्या बायका कुठे भेटतील?

शुक्रवारी चार वाजता विभावरीचं हळदीकुंकू होतं. रथसप्तमीपर्यंत घरोघरी चालतं ते. आणि संक्रांतीची काळी साडी एकदाच नेसून ठेवून देणाऱ्या बायका अजून जन्माला यायच्या आहेत.

चारच्या आधीच वेदांग खाली पार्किंगमध्ये उभा राहिला. तिथून वर जायचा एकच जिना होता. रनीम बसमधून उतरली. हातात मामूलचा डबा होता, खजूर भरलेल्या बिस्किटांचा. आईनं पहाटे उठून केला होता म्हणाली. तेवढ्यात तिच्या शेजारून शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोन काकू काळ्या साड्यांत वर गेल्या. मग आणखी तीन. रनीमचे डोळे भरून आले.

"आजसुद्धा?" ती म्हणाली.

यानंतर थांबणं शक्य नव्हतं.

वेदांगनं सांगितलं. विनोद न करता सांगितलं, म्हणून वेळ लागला. हा सण आहे. सूर्याचा. थंडीतला. आम्ही दरवर्षी काळं घालतो. ते दागिने साखरेचे आहेत. त्या बायकांना तुझा ग्रुप माहीतही नाही. तू विचारलंस तेव्हा मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण तू माझ्याकडे बघत होतीस.

तिनं डबा एका गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि फोन काढला. वेदांगला वाटलं, ती घरी फोन करतेय. ती आजीला करत होती. लागला नाही. पुन्हा लावला. नाही. ती लावत राहिली, तो उभा राहिला, आणि शेजारून बायका वर जात राहिल्या. प्रत्येकीनं वेदांगला विचारलं, की आई वर आहे ना, आणि प्रत्येकीला तो हो म्हणाला.

दर्शना आली ती विघ्नेशच्या कंपनीच्या पिकअपमधून. साडी आवरत उतरली, वेदांगला बघून थांबली आणि म्हणाली, "काय रे, तुझ्यामुळे सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. एका अर्थी उपकारच केलेस." मग तिनं रनीमकडे बघितलं. रनीमनं तिला कधीच ओळखलं होतं. चार हजार लोकांच्या प्रोफाइलवर जिचा चेहरा होता ती बाई पायात स्लिपर घालून पार्किंगमध्ये उभी होती.

आणि फोन लागला.

रनीम अरबीत भराभर बोलली. मग तिनं फोन वेदांगपुढे धरला.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तू सांग तिला."

वेदांग दहा वर्षं शाळेत अरबी शिकला होता. त्याला दार म्हणता येत होतं, खिडकी म्हणता येत होतं, आणि उंट वाळवंटातलं जहाज आहे हे अस्खलित सांगता येत होतं. फोनमधून खरखर येत होती आणि त्या खरखरीच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं. तो म्हणाला, आजी. मग म्हणाला, कपडे काळे. दर वर्षी. सण. सूर्य. मग म्हणाला, तुमच्यासाठी नाही. हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं अगदी बरोबर आलं, दहा वर्षांत पहिल्यांदाच. मग म्हणाला, माफ करा.

पलीकडून बरंच काही बोलणं झालं. त्याला त्यातलं 'नवरी' तेवढं कळलं. मग एक आवाज आला, खोकल्यासारखा. त्यानं फोन परत दिला. रनीमनं ऐकलं. हळू काहीतरी विचारलं. तेवढ्यात फोन तुटला.

"काय म्हणाल्या?" वेदांगनं विचारलं.

"म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं. शोक करायला कुणी एवढे दागिने घालून येत नाही." रनीमचा चेहरा हलला नाही. "हसत होती ती."

वेदांगही हसायला लागला. सुटल्यासारखं वाटलं त्याला. रनीम हसत नव्हती, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"तिला कळलं," ती म्हणाली. "मला नाही कळलं. मी एका माणसाला खोटारडा म्हटलं, सगळ्या जगासमोर. सगळ्या ग्रुपमध्ये खरं बोलणारा एकच निघाला, आणि तो तिकडचा. मला त्याची माफी मागावी लागणार आहे, वेदांग. या महिन्यात. माझी आजी तिकडे असताना. हे तू माझ्यावर आणलंस."

रनीमनं डबा उचलला आणि दर्शनाच्या हातात दिला. दर्शनाला इंग्रजी बोलणं फारसं कळलं नव्हतं. तिनं हिंदीत विचारलं, दादीजींनी जेवण केलं का? कुणाच्याही आजीबद्दल पहिलं हेच विचारायचं, अशी तिची समजूत होती. रनीम हिंदी सिनेमांवर वाढलेली. तिनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. मग ती बस स्टॉपकडे चालत गेली.

त्या संध्याकाळी वेदांगनं ग्रुपवर लिहिलं, की हा सण होता, फोटो मी टाकला, कारण मी लपवलं, एझ्रा नागावकर खरं बोलत होता. कुणीच विश्वास ठेवला नाही. निम्म्यांनी लिहिलं, की या मुलावर सरकारचा दबाव आहे. बाकीच्यांनी लिहिलं, की याला अश्दोदहून पैसे मिळाले. लीड्सच्या प्राध्यापकानं सणाच्या आडून केलेल्या प्रतिकारावर आणखी दोन परिच्छेद लिहिले. राजाभाऊंनी 'ठीक' असा मेसेज पाठवला. एझ्रानं विचारलं, की हलवा घरी करता की विकत आणता. आईला इथे तो जमत नाही, काटा येत नाही. वेदांगनं लिहिलं, विकत. दादरहून. सगळ्यांत खाली रनीमचं एक वाक्य होतं, एझ्राला उद्देशून: 'तुम्ही बरोबर होतात. मी चुकले.' एवढंच. त्याखाली लोकांनी तिलाही शिव्या घातल्या, आणि वेदांग त्या एकेक करून वाचत राहिला. अधूनमधून उठून दारापर्यंत जायचा आणि परत यायचा.

रविवारी विद्यापीठाच्या जिममध्ये गाझाला पाठवायच्या सामानाची खोकी भरायची होती. वेदांगला कुणी बोलावलं नव्हतं. येऊ नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. तो दाराशी जरा घुटमळला, आत गेला, पुन्हा बाहेर आला, पुन्हा गेला. बॉम्बहल्ला थांबल्याची बातमी सकाळीच आली होती, पण सामान तर पाठवायचंच होतं. जमिनीवर ब्लँकेटं, दुधाची पावडर, लहान मुलांचे बूट यांचे ढीग होते. रनीम गुडघ्यांवर बसून घड्या घालत होती. पिवळा स्वेटर, केस बांधलेले, फोन शेजारी उताणा.

तिनं मान वर केली. बराच वेळ बघितलं. बुधवारसारखं नाही, दुकानात वस्तू उलटी करून बघतात तसं. मग तिनं चिकटपट्टीचं रीळ आणि मार्कर त्याच्याकडे सरकवला.

"आत जे आहे तेच बाहेर लिही," ती म्हणाली आणि घडी घालायला लागली.

वेदांग बसला. समोरच्या खोक्यात बूट होते. तरी त्यानं ते उघडून बघितलं, तळापर्यंत हात घातला, बुटांखाली अजून बूटच होते. मग लिहिलं: बूट. आणि रीळ हातात घेऊन नखानं पट्टीचं टोक शोधायला लागला.